ठरवून झालेले लग्न, थोडक्या दिवसांचा सहवास आणि ब्रिटनचा पती-पत्नी व्हिसा: पुरावे कोणते जोडावेत?

वारणाकाठ | १४ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार. आमचे लग्न १६ फेब्रुवारी २०२५ रोजी सांगली जिल्ह्यातील आमच्या गावी रीतसर झाले. माझे पती लेस्टरला असतात, त्यांना तिथे कायम वास्तव्याची परवानगी आहे आणि मी इथे एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. पूर्वीच्या नोकरीत त्यांचा पगार वर्षाला २९,००० पौंडांच्या अटीत बसत नव्हता, म्हणून एप्रिलमध्ये नवी नोकरी लागल्यानंतर सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या जमेपर्यंत आम्ही थांबलो. आता ऑक्टोबरची पावती आणि बँकेचा उतारा हाती आला आहे. तो अर्जाच्या तारखेपूर्वीच्या २८ दिवसांतला असावा लागतो, त्यामुळे या महिन्याअखेरपर्यंत अर्ज भरायचा आहे. क्षयरोग तपासणी आणि इंग्रजीची ए१, म्हणजे प्राथमिक पातळीची, परीक्षा या दोन्ही गोष्टी झाल्या आहेत.

माझी अडचण वेगळी आहे. नियमात नवरा-बायकोचे नाते ‘खरे आणि चालू’ असले पाहिजे अशी अट आहे आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी आमच्यावर आहे. पहिल्यांदा आम्ही भेटलो १० नोव्हेंबर २०२४ रोजी, माझ्या आत्याच्या घरी कऱ्हाडला, कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात. त्यानंतर आठवड्याने साखरपुडा झाला आणि दोन दिवसांनी ते परत गेले. लग्नानंतर ते सतरा दिवस इथे होते. मग दिवाळसणाला १६ ऑक्टोबरला आले आणि २८ ला गेले. एकत्र राहिलेले दिवस मोजले तर महिनाही भरत नाही. माझ्याकडे फोटोग्राफरने दिलेला चारशे फोटोंचा अल्बम आहे, विवाह नोंदणीचा दाखला आहे आणि व्हॉट्सअॅपवर अक्षरशः हजारो संदेश आहेत. यातले काय जोडावे, किती जोडावे आणि ज्याला कांदेपोहे म्हणजे काय हेच ठाऊक नाही अशा अधिकाऱ्याला आमचे लग्न कसे समजावून सांगावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

सिंहगडकर | १५ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

ताई, आमचा पहिला अर्ज नाकारला गेला होता, त्यामुळे चुकांपासून सुरुवात करतो. मी रेडिंगला असतो आणि अर्ज पत्नीचा होता, २०१९ मधला. नकाराच्या पत्रात पगाराबद्दल एक अक्षर नव्हते. सगळा भर एवढ्यावरच होता की आमचे नाते खरे असल्याची त्यांची खात्री पटलेली नाही.

पहिले कारण तारखेचे होते. ऑनलाइन अर्जात तुम्ही प्रथम प्रत्यक्ष कधी भेटलात, नाते कधी सुरू झाले आणि लग्न कधी झाले, हे तीन वेगळे प्रश्न येतात. मधल्या प्रश्नापाशी आपल्याकडची ठरवून लग्न करणारी सगळी जोडपी अडखळतात. पत्नीने अर्जात साखरपुड्याची तारीख लिहिली. मी माझ्या पत्रात विवाहसंस्थेकडून तिची माहिती आली आणि आम्ही फोनवर बोलू लागलो, तो महिना लिहिला. दोन्ही उत्तरे आमच्या दृष्टीने खरी होती, पण कागदावर एकाच नात्याच्या दोन जन्मतारखा झाल्या. तुम्ही दोघांनी आधी बसून एक तारीख ठरवा, ती का धरली हे एका वाक्यात सांगा आणि मग अर्जात, तुमच्या पत्रात आणि यजमानांच्या पत्रात तीच येऊ द्या.

दुसरे कारण सांगताना आजही ओशाळल्यासारखे होते. लग्नानंतर दर महिन्याला मी घरी पैसे पाठवत होतो, मात्र ते वडिलांच्या खात्यात. बायकोला काही लागले तर बाबा देत, त्यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते, कारण आमच्या घरी तीच रीत आहे. फायलीत मात्र चौदा महिन्यांत नवऱ्याने बायकोला एक पौंडही पाठवला नाही असे चित्र उभे राहिले आणि अधिकाऱ्याने तसे लिहिलेही.

तिसरे म्हणजे आम्ही सगळे चॅट छापून दिले, सहाशेहून अधिक पाने. ती कुणीही वाचली नसणार आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही वाचली नसती. शिवाय सगळे मराठीत, तेही निम्मे रोमन लिपीत, आणि भाषांतर एका ओळीचेही नाही.

अपील करण्यासाठी परदेशातल्या अर्जदाराला २८ दिवस मिळतात, पण सुनावणीला लागणारा वेळ पाहून आम्ही नवा अर्ज केला. त्यात जुन्या नकाराचा उल्लेख करून प्रत्येक मुद्द्याचे उत्तर दिले आणि तो मंजूर झाला.

वारणाकाठ | १५ नोव्हेंबर, दुपारी १.०५

सिंहगडकर, मनापासून आभार. तारखेचा मुद्दा वाचून पोटात गोळाच आला, कारण माझ्या कच्च्या अर्जात मी साखरपुड्याची तारीख घातली आहे आणि ह्यांच्या पत्रात १० नोव्हेंबर आहे. पैशांच्या बाबतीत सुदैवाने जूनपासून ते माझ्याच पगाराच्या खात्यात रक्कम पाठवतात. त्यापूर्वीचे मात्र सासऱ्यांच्या खात्यात गेले आहेत.

सिंहगडकर | १५ नोव्हेंबर, सायंकाळी ६.३०

आधीचे पैसे लपवू नका. सासऱ्यांच्या खात्याचा उतारा आणि त्यांचे दोन ओळींचे सहीचे पत्र जोडा: मुलगा घरखर्चासाठी पैसे पाठवत होता, सून आमच्याकडे राहत होती आणि अमुक महिन्यापासून तो थेट तिच्याकडे पाठवू लागला. तुम्ही त्या काळात सासरी राहत होतात ना? मग रेशनकार्डात नाव चढले असेल किंवा आधारवरचा पत्ता बदलला असेल, तर तेही उपयोगी पडेल.

निवृत्त_लेखनिक | १५ नोव्हेंबर, रात्री ८.५०

मी तालुक्याच्या गावी विवाह नोंदणीच्या टेबलावर बरीच वर्षे काम केले आहे. धाग्यात दाखल्याचा उल्लेख आला, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

महाराष्ट्रात बहुतेक नोंदण्या १९९८ च्या विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियमाखाली होतात. नमुना ‘ड’ मध्ये वधूवरांची माहिती, तीन साक्षीदार आणि विधी लावणाऱ्या गुरुजींची सही असते. मग दाखला मिळतो. गावात हे काम ग्रामपंचायतीत होते आणि तो दाखला अनेकदा निव्वळ मराठीत असतो. तो तसाच पाठवू नये. पूर्ण इंग्रजी भाषांतर करून घ्यावे आणि त्यावर भाषांतरकाराचे नाव, सही, तारीख, संपर्काचा तपशील आणि भाषांतर अचूक असल्याचे त्याचे निवेदन असावे. दाखल्यावर लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख अशा दोन तारखा असतात. अर्जात लग्नाची लिहायची. हे इतके उघड आहे की सांगायला नको, पण माझ्याकडे दाखल्याची प्रत मागायला पुन्हा आलेल्या लोकांत ही चूक करून बसलेले कितीतरी होते.

त्याहून मोठी गुंतागुंत नावांची असते. आपल्याकडे मुलीचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते आणि काही घरांत उखाण्याआधीच तांदळाच्या ताटात अंगठीने नवे पहिले नावही लिहिले जाते. पासपोर्टवर ‘सुनीता बापू’, पत्रिकेत ‘चि. सौ. कां. सुनीता’ आणि दाखल्यात ‘सानिका अजित’ असे असेल, तर परक्या माणसाला त्या तीन बायका वाटतील. ब्रिटनच्या अर्जासाठी पासपोर्टवर नवऱ्याचे नाव असलेच पाहिजे अशी अट नाही, म्हणून घाईने पासपोर्ट बदलायला जाऊ नये. अर्ज पासपोर्टवरच्या नावाने भरावा, बदललेली नावे अर्जातल्या ‘इतर नावे’ या रकान्यात द्यावीत आणि राजपत्रात नावबदल प्रसिद्ध केला असेल तर ते पान जोडावे.

अजून एक गोष्ट, इतर वाचकांसाठी. पुष्कळ घरांत ‘आधी नोंदणी उरकून घेऊ, व्हिसा लागेपर्यंत धार्मिक लग्न पुढच्या हंगामात करू’ असा बेत असतो. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉली राणी विरुद्ध मनीषकुमार चंचल या प्रकरणात स्पष्ट केले की हिंदू विवाह कायद्यानुसार कलम ७ मधील विधी झालेच नसतील, तर कलम ८ खालच्या नोंदणीच्या दाखल्याने लग्न होत नाही. न्या. नागरत्ना आणि न्या. मसीह यांच्या पीठाने, परदेशी व्हिसासाठी वेळ वाचवायचा म्हणून आधी नोंदणी करून ठेवण्याच्या प्रथेवर त्यात नाव घेऊन नापसंती नोंदवली आहे. लग्न जिथे झाले तिथल्या कायद्याने ते वैध असणे हा ब्रिटनच्या नियमांचाही पाया आहे, म्हणजे इथला पाया कच्चा असेल तर तिथली इमारत उभी राहणार नाही. ज्यांना विधी करायचेच नाहीत, त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, पण तिथे नोंदणी हेच लग्न असते.

वारणाकाठ | १५ नोव्हेंबर, रात्री ९.३५

काका, आमचे सप्तपदीसह सगळे झाले आहे आणि नोंदणी नंतर ३ मार्चला, हे जाण्याच्या दोन दिवस आधी झाली. दाखला मराठीतच आहे. सोमवारी भाषांतराला देते.

तर्कट | १६ नोव्हेंबर, सकाळी १०.१०

धागा वाचून खिन्नता आली. दोन सज्ञान माणसांनी चारशे लोकांसमोर लग्न केले, त्याचा सरकारी दाखला घेतला आणि तरीही त्यांनी एका अनोळखी कारकुनाला आपले प्रेम पटवून द्यायचे? उद्या हे लोक शयनगृहातले फोटो मागतील.

माई_लेस्टर | १६ नोव्हेंबर, दुपारी ४.२०

तर्कट, तुमचा संताप मला समजतो, कारण याहून वाईट काळ मी पाहिला आहे. मी इथेच वाढले आणि १९८८ साली सातारच्या मुलाशी लग्न केले. त्या वेळी ‘प्रायमरी पर्पज’ नावाचा नियम होता. ब्रिटनमध्ये स्थायिक होणे हा लग्नाचा मुख्य हेतू नाही, हे अर्जदारानेच सिद्ध करायचे. लग्न खरे आहे हे मान्य करूनसुद्धा अर्ज नाकारता येत असे आणि त्याचा फटका मुख्यतः भारतीय उपखंडातून येणाऱ्या नवऱ्यांना बसला. आमच्या ह्यांना मुलाखतीत विचारले गेले की, बायको इकडे येऊन का राहत नाही. त्यांनी खरे उत्तर दिले: ‘तिची नोकरी तिथे आहे, आईवडील तिथे आहेत, तिकडे राहायचे आम्ही दोघांनी ठरवले आहे.’ हेच उत्तर त्यांच्या विरोधात वापरले गेले. आम्हाला दोन वर्षे लागली. मजूर पक्षाचे सरकार आल्यावर जून १९९७ मध्ये तो नियम रद्द झाला.

आणि त्याआधी, जानेवारी १९७९ मध्ये, लग्नासाठी आलेल्या एका पस्तीस वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य चाचणी केली गेली होती. वर्तमानपत्रात बातमी आल्यावर गदारोळ झाला आणि तो प्रकार थांबला. शिक्षिका म्हणून वारणाकाठला हे सांगावेसे वाटले. आता जे मागतात ते कागद आहेत. तिच्याजवळ ते आहेत, फक्त नीट लावायचे आहेत.

शयनगृहातले फोटो कुणी मागत नाही आणि कुणी हौसेने जोडूही नयेत.

बॅरिस्टर_नव्हे | १६ नोव्हेंबर, सायंकाळी ७.००

माईंच्या प्रतिसादाला जोडून कायद्याची बाजू सांगतो. मी वकील नाही, पण एका सल्लागार कार्यालयात अशा फायली लावण्याचे काम केले आहे.

सध्याच्या अटी ब्रिटनच्या इमिग्रेशन नियमांतल्या, जुलै २०१२ पासून लागू असलेल्या ‘अपेंडिक्स एफएम’ या परिशिष्टात आहेत. दोघे प्रत्यक्ष भेटलेले असावेत, नाते खरे आणि चालू असावे, लग्न वैध असावे आणि ब्रिटनमध्ये कायम एकत्र राहण्याचा दोघांचा इरादा असावा. ठरवून केलेले लग्न त्यात मान्य आहे, दोघांची मुक्त संमती हवी एवढेच. किती दिवस एकत्र राहिलात याचा किमान आकडा कुठेही नाही, तेव्हा दिवस मोजून घाबरू नये.

तर्कट यांच्यासाठी: २०१२ मध्ये ब्रिटनच्या वरिष्ठ न्यायाधिकरणाने (अपर ट्रायब्युनल) गाउडी नावाच्या प्रकरणात म्हटले आहे की, लग्न चालू असल्याचे दाखवण्यासाठी परस्परांवरील निष्ठेचा अमुक एका प्रकारचा पुरावा दिलाच पाहिजे असे नाही. त्या जोडप्याकडे फोनकार्डे होती. कोणत्या क्रमांकावर फोन केला हे त्यांवरून कळत नव्हते, तरी बोलणे होत असल्याच्या त्यांच्या म्हणण्याला त्यातून पुष्टी मिळू शकते असे न्यायाधिकरणाने मानले, आणि फोनवर बोलणाऱ्या जोडप्याने पत्रेही लिहावीत अशी सक्ती नसल्याचेही सांगितले. प्रेमपत्रे नाहीत म्हणून कुणी कासावीस होऊ नये.

आता अल्बमबद्दल. लग्नाच्या अल्बममधून लग्न लागले हे कळते आणि त्यासाठी चार-सहा फोटो पुरतात: सप्तपदीचा, दोन्हीकडच्या आईवडिलांबरोबरचा, पंगतीतला. अधिकाऱ्याला खरी उत्सुकता १७ फेब्रुवारीपासून आजपर्यंत काय घडले याची असते आणि नेमक्या त्याच काळाचे कागद लोक जोडत नाहीत, कारण ते त्यांना कागद वाटतच नाहीत. दिवाळसणाच्या विमानाचे बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, एकत्र कुठे गेला असाल तर त्या हॉटेलची पावती, औषधाच्या दुकानाचे बिल, विमा पॉलिसीत बदललेले वारसाचे नाव, शाळेत भविष्य निर्वाह निधीसाठी भरलेला नामनिर्देशनाचा फॉर्म. हा शेवटचा कागद माझा आवडता आहे. लग्नानंतर तो नव्याने भरायला शाळाच सांगते, त्यावर तारीख असते आणि व्हिसासाठी म्हणून तो कुणी तयार करत नाही.

चॅटचे असे करा: प्रत्येक महिन्यातून दोन-तीन पाने निवडा, वरची तारीख दिसली पाहिजे, आणि त्या पानांचे भाषांतर द्या. निवडताना गोड बोलण्याची पाने शोधू नका. ‘गॅस नोंदवला का’, ‘आईंचा रिपोर्ट आला का’, ‘पगार झाला, पाठवले’ असले संदेश निवडा. त्यातला पगार झाल्याचा संदेश आणि बँकेच्या उताऱ्यातली ओळ एकाच दिवसाची निघाली, तर एका कागदाची साक्ष दुसरा कागद देतो.

नवखा_९१ | १६ नोव्हेंबर, रात्री १०.१५

माझाही अर्ज पुढच्या वर्षी करायचा आहे. आमच्या गावातला एक एजंट ‘नात्याची फाइल’ बांधून देतो. तो म्हणाला की भेटी कमी असतील तर एकाच दिवशी चार वेगवेगळे कपडे घालून चार ठिकाणी फोटो काढू, म्हणजे चार भेटी दिसतील. हे चालते का?

बॅरिस्टर_नव्हे | १६ नोव्हेंबर, रात्री १०.४०

मुळीच नाही. फोटोंत चार भेटी आणि पासपोर्टवर एकच शिक्का, हे कुणीही पाच मिनिटांत ताडेल. एक खोटा फोटो सापडला की बाकीचे शंभर खरे कागदही संशयाच्या छायेत जातात आणि फसवणुकीच्या कारणाने आलेला नकार पुढच्या प्रत्येक अर्जात उघड करावा लागतो. भेट एकच झाली असेल तर एकच लिहा आणि रजा का मिळाली नाही ते सांगा. त्या एजंटला पैसे देण्याऐवजी त्यातून तिकीट काढा आणि पत्नीला भेटून या.

अबोली | १७ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

आमची बाजू उलटी होती, म्हणून लिहिते. आमचा प्रेमविवाह, जात वेगळी, पुण्यात विशेष विवाह कायद्याखाली झालेला, आणि दोन्ही घरचे कुणीही आले नाही. फोटो एकूण अकरा, त्यांत साक्षीदार म्हणून आलेले तीन मित्र आणि नोंदणी कार्यालयाबाहेरचा चहावाला. वारणाकाठकडे चारशे माणसे आहेत आणि सहवास कमी आहे; आमच्याकडे तीन वर्षांचा सहवास होता आणि माणसेच नव्हती.

अर्जात घरच्यांबद्दलचे प्रश्न आले, तेव्हा ते रकाने कसे भरावेत याचा आम्ही बराच विचार केला. शेवटी सरळ लिहिले की दोन्ही कुटुंबांचा या लग्नाला विरोध आहे आणि म्हणून ती हजर नव्हती. मग दोघांच्या नावावरचा भाडेकरार, एकाच पत्त्यावर आलेली दोघांची विजेची आणि बँकेची पत्रे, आणि आम्हाला एकत्र ओळखणाऱ्या घरमालकीणबाईंचे पत्र जोडले. बाईंनी त्यात लिहिले होते की ही दोघे नळाला पाणी यायच्या वेळेवरून रोज भांडत आणि भाडे मात्र कधी चुकवत नसत. ते वाक्य काढावे का, असे मी विचारले होते. नवऱ्याने काढू दिले नाही. अर्ज नऊ आठवड्यांत मंजूर झाला.

वारणाकाठ | १८ नोव्हेंबर, रात्री ८.१५

सर्वांच्या सूचनांप्रमाणे रविवारी मी आणि हे व्हिडिओ कॉलवर बसलो आणि तारखांचा एकच तक्ता केला. नाते सुरू झाल्याची तारीख आम्ही १७ नोव्हेंबर २०२४, म्हणजे साखरपुड्याची धरली आहे आणि पत्रात कारण असे लिहिले आहे: ‘१० नोव्हेंबरला आमच्या कुटुंबांनी आमची भेट घडवली. त्या दिवशी आम्ही दोघे अंगणात सुमारे वीस मिनिटे एकमेकांशी बोललो. त्यानंतर आठवडाभर रोज फोनवर बोलून आम्ही दोघांनी होकार दिला आणि १७ तारखेला आमचा साखरपुडा झाला. त्या दिवसापासून आम्ही स्वतःला एकमेकांचे जोडीदार मानतो.’ कांदेपोह्यांचे स्पष्टीकरण एका वाक्यात आटोपले आहे.

नामनिर्देशनाच्या फॉर्मची प्रत आज मुख्याध्यापकांकडून घेतली. त्यावर २४ मार्च ही तारीख आहे.

कॉलच्या नोंदींबद्दल एक शंका आहे. आम्ही रोज माझ्या मधल्या सुटीत, दुपारी १२.४० ला बोलतो, कारण ह्यांची पाळी रात्री दहाला संपते आणि तेव्हा इथे मध्यरात्र उलटून गेलेली असते. माझ्या फोनमध्ये सगळे कॉल १२.४० च्या आसपासचे आहेत. ह्यांच्या फोनमध्ये मात्र ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सकाळी ८.१० आणि दिवाळीहून परत गेल्यापासून ७.१० दिसते. वेळा जुळत नाहीत असे वाटून अधिकारी शंका तर घेणार नाहीत ना? की फक्त माझ्या फोनच्या नोंदी द्याव्यात?

बॅरिस्टर_नव्हे | १८ नोव्हेंबर, रात्री ९.०५

दोन्ही द्या, शेजारी शेजारी. २६ ऑक्टोबरला ब्रिटनमधली घड्याळे एक तास मागे गेली आणि आपल्याशी असलेला फरक साडेचार तासांवरून साडेपाच तासांवर गेला. तुमची मधली सुटी हलत नाही, म्हणून रात्री दहाला पाळी संपवून घरी जाणारा हा माणूस आता एक तास आधी उठतो आहे. हे बनावट करायचे कुणाच्या डोक्यातही येणार नाही. पत्रात दोन वाक्ये लिहा आणि दोन्ही फोनचे १० ते १५ ऑक्टोबर व १ ते ६ नोव्हेंबर असे स्क्रीनशॉट जोडा.

माई_लेस्टर | १८ नोव्हेंबर, रात्री ११.५०

नोव्हेंबरात इथे सकाळी सातला पुरता उजेडही झालेला नसतो. चांगला मुलगा दिसतो.

सिंहगडकर | १९ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

राहण्याच्या जागेचे विसरू नका. यजमान भाड्याच्या घरात राहत असतील तर करार आणि तुम्हाला तिथे राहू देण्यास हरकत नसल्याचे घरमालकाचे पत्र लागेल. मित्रांबरोबर वाटून घेतलेले घर असेल तर तुम्हा दोघांसाठी स्वतंत्र खोली आहे हे त्यात यावे. आरोग्य अधिभार, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची रक्कम, अर्जासोबतच भरावा लागतो; वर्षाला १,०३५ पौंडांप्रमाणे ३३ महिन्यांच्या व्हिसासाठी तीन वर्षांचा, म्हणजे ३,१०५ पौंड धरले जातात, तेव्हा कार्डाची मर्यादा आधी तपासून ठेवा. आमचे कार्ड ऐन वेळी नाकारले गेले होते. अर्ज नाकारला गेल्यास अधिभार परत मिळतो, अर्जाची फी मिळत नाही.

आणि मंजुरीनंतरही कागद जपून ठेवा. ३३ महिन्यांनंतर मुदतवाढीच्या वेळी पुन्हा हाच प्रश्न येतो, फक्त तेव्हा एकाच पत्त्यावर दोघांच्या नावाने आलेली पत्रे दाखवायची असतात. तिथे गेल्यावर पाण्याचे बिल, नगरपालिकेचा कर, डॉक्टरकडची नोंदणी यांपैकी निदान काहींवर तुमचे नाव पहिल्या महिन्यातच लावून घ्या. आमच्या घरी सगळी बिले माझ्याच नावावर राहिली होती आणि दुसऱ्या अर्जाच्या वेळी पुन्हा धावपळ झाली.

तर्कट | १९ नोव्हेंबर, दुपारी १२.२०

माझा तत्त्वतः विरोध कायम आहे. तरीही वारणाकाठ, पत्रातली ती अंगणातली वीस मिनिटे ठेवा. तेवढ्या वेळात काय बोललात हेही एक ओळ लिहिता आले तर पाहा.

वारणाकाठ | २४ नोव्हेंबर, रात्री १०.३०

अर्ज आज सायंकाळी भरला. अधिभार पहिल्याच प्रयत्नात भरला गेला. २ डिसेंबरला पुण्याच्या केंद्रात बोटांचे ठसे द्यायला बोलावले आहे. फाइल एकूण ९४ पानांची झाली, त्यांत फोटो बावीस आणि लग्नातले त्यांपैकी सहा. सासऱ्यांनी त्यांचे पत्र मराठीत स्वतःच्या हाताने लिहिले आणि भाषांतरकाराने त्यातले ‘सूनबाई’ कसे लिहावे हे विचारायला दोनदा फोन केला.

तर्कट, ती ओळ लिहिली आहे. ह्यांनी विचारले होते की तिथे थंडी फार असते, सोसेल का. आणि मी विचारले होते की लेस्टरला शाळेत शिकवायचे तर काय काय करावे लागते. त्यांना ते ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी शोधून सगळी माहिती पाठवली. तो संदेश ११ नोव्हेंबर २०२४ चा आहे आणि चॅटच्या पानांत तोच पहिला ठेवला आहे.